गाव शांत झाले, पुढे काय?

(बुलढाणा येथे ग्रामीण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय पत्रिकेत 'संघर्षानंतरची लोकशाही आणि न्यायप्रक्रिया' असा छापला आहे. वाचायला जड वाटतो. पण तुमच्यापैकी बहुतेकींनी तो आपापल्या गावात डोळ्यांनी पाहिलेला आहे. गावात मारहाण होते, एखादी वस्ती पेटते, बाईवर हात टाकला जातो. चार दिवस पोलिसांची गाडी उभी राहते, पुढारी येतात, वर्तमानपत्रवाले येतात. मग एक दिवस सगळे म्हणू लागतात, "गाव आता शांत आहे." मला आज याच वाक्याबद्दल बोलायचे आहे. गाव शांत झाले म्हणजे नेमके काय झाले? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळाला, की त्याने बोलायचे थांबवले?

बुलढाण्यात हा विषय काढायचा तर सुरुवात ताराबाई शिंदे यांच्यापासून करावी लागते. त्या इथल्याच. 1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. नवजात बाळाला मारल्याचा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, आणि 1882 साली ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून तिला उत्तर दिले. आपल्याला त्या प्रसंगातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली, अपील नावाची एक पायरी होती म्हणून त्या बाईचा जीव वाचला. संतापलेल्या समाजाच्या हाती तिचा निवाडा असता तर ती वाचली नसती. दुसरी, त्या कोर्टात पिंजऱ्यात एकटी बाईच उभी होती. तिच्यावर ही वेळ आणणारा पुरुष आणि विधवेला पुन्हा लग्न करू न देणारी रूढी यांच्यावर कोणी खटला भरला नाही. म्हणजे रीतसर न्यायप्रक्रिया आपल्याला हवीच, पण ती आपोआप आपल्या बाजूची होत नाही. तिच्यात शिरून आपले प्रश्न विचारावे लागतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. भांडणानंतर जी बैठक बसते तिचे रूप सगळीकडे सारखेच असते. देवळाच्या सभामंडपात किंवा पुढाऱ्याच्या ओसरीवर पुरुष बसतात. ज्या बाईला मार बसला ती बैठकीत नसते, असलीच तर दाराशी पदर ओढून उभी असते. बोलणी तिच्या सासऱ्याशी, नवऱ्याशी, भावाशी होतात. "झालं गेलं विसरा, एकाच गावात राहायचं आहे, पोराबाळांच्या भविष्याचा विचार करा," असे म्हणत कागद लिहिला जातो. मी काम करते त्या भागातल्या एका गावात अशीच बैठक झाली. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. हातपंपावरच्या भांडणात वस्तीतल्या एका सुनेला जातीवरून शिव्या देऊन मारले होते. बैठकीत पैसे ठरले, सासऱ्याने कागदावर अंगठा दिला. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, पैसे सासऱ्याले भेटले, मार मले बसला. अन् कागदावर सही माही नाहीच."

मैत्रिणींनो, हे तिचे वाक्य म्हणजे आजचा सगळा विषय आहे. तिच्या वतीने कोणीतरी क्षमा करून टाकली. तिला विचारले नाही, तिचे ऐकले नाही, आणि याला गावाने शांतता म्हटले.

अशा कागदाला कायद्यात काही किंमत नाही. बलात्काराचा, अॅट्रॉसिटीचा गुन्हा देवळात मिटत नाही. मग हा कागद करतात कशासाठी? साक्षीदार फोडण्यासाठी. केस कोर्टात उभी राहते तेव्हा एकेक साक्षीदार फितूर होतो. पंच म्हणतात, आम्ही कोऱ्या कागदावर सह्या केल्या. शिवाय बैठकांत जे दिवस जातात ते वेगळेच नुकसान करतात. तक्रार चार दिवस उशिरा नोंदली गेली की आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "बाई, चार दिवस काय करत होता? गोष्ट रचत होता काय?" बाई कसे सांगणार की ते चार दिवस तुमच्याच अशिलाचे नातेवाईक माझ्या ओसरीवर बसून होते! तोवर अंगावरचे वळ गेलेले असतात, कपडे धुतलेले असतात. मग आरोपी सुटतात आणि गावात बोलले जाते की केस खोटीच होती. खोटी नव्हती, ती बैठकीत मारली गेली.

आपल्या राज्याने गावातली शांतता मोजायची योजनासुद्धा काढली. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू वाईट नव्हता. बांधाचे, वाटणीचे, धुऱ्याचे तंटे गावातच मिटावेत, गरिबाच्या कोर्टाच्या चकरा वाचाव्यात, हे कोणालाही पटेल. पण तंटे मिटवण्याला बक्षीस लागले की तंट्याची नोंद करणारी बाई गावाच्या बक्षिसाच्या आड येते. आणि याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्या विदर्भातच आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना जमावाने ठार मारले. सुरेखाताई आणि प्रियंका यांनी आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती, मारणाऱ्यांची नावे सांगितली होती. त्या प्रकरणातले आरोपी ज्या दिवशी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. म्हणजे या दोघी मायलेकी आधी साक्षीदार होत्या. कायद्याने जे करायला सांगितले ते त्यांनी केले आणि कायद्याने त्यांना संरक्षण दिले नाही. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची सक्तमजुरी दिली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. खून सूडातून झाले, जातीमुळे नव्हे, असे धरले गेले. पहिल्या शवविच्छेदनातच त्रुटी राहिल्याने बायकांवर काय अत्याचार झाले याचा पुरावा उभाच राहिला नाही. भैयालाल भोतमांगे 2017 साली वारले. आणि याच खैरलांजीला पुढे तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला! जिथे तक्रार करणारे घरच उरले नाही, तिथे तंटा कोण करणार?

एका गावाचे जे, तेच अख्ख्या प्रदेशाचे. देऊळगाव राजाच्या पलीकडे मराठवाडा लागतो. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. त्यानंतर 1995 साली सत्तेवर आलेल्या सरकारने मराठवाड्यातल्या अॅट्रॉसिटीच्या हजाराहून जास्त केसेस मागे घेण्याचा निर्णय केला. केसेस खोट्या आहेत, त्यांनी गावात कटुता वाढते, असे कारण दिले गेले. त्यांत काही केसेस खोट्या असतीलही. पण खरी कोणती, खोटी कोणती हे ठरवायला कोर्ट असते. एकेका केसचा पुरावा न तपासता गठ्ठ्याने मागे घेणे म्हणजे राज्यपातळीवर बसलेली तीच सभामंडपातली बैठक. तिथेही ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना कोणी विचारले नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या बाबतीत एक चांगली तरतूद आली आहे, ती लिहून घ्या. कलम 360. सरकारी वकिलाला केस मागे घ्यायची असेल तर कोर्टाची परवानगी तर लागतेच, पण पीडित व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोर्टाला ती परवानगी देता येत नाही. नव्या संहितेवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण ही एक ओळ आपल्या कामाची आहे. यापुढे शांततेच्या नावाखाली केसेस मागे घेण्याची घोषणा झाली की आपण विचारायचे, पीडितांना नोटीस दिली का?

मग रीतसर न्यायप्रक्रिया म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगते. माझ्याविरुद्ध काय आरोप आहे ते मला कळले पाहिजे. माझे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. निवाडा करणारा माझा भाऊबंद किंवा वैरी नसावा. निर्णयाची कारणे सांगितली पाहिजेत. आणि निर्णय चुकला तर वर दाद मागता आली पाहिजे. या पाच गोष्टी आपल्या सासरच्या घरात लावून पाहा, जातपंचायतीला लावून पाहा. बाईला त्या कुठेच मिळालेल्या नाहीत. आजवर बाईचा निवाडा झाला तो तिच्या पाठीमागे झाला.

आपला देशही मोठ्या रक्तपातानंतर उभा राहिला. फाळणीच्या दंगली ताज्या असतानाच घटना समितीत वाद झाला की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कसा लिहायचा. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीनेच माणसाला तुरुंगात टाकता येईल एवढेच म्हणायचे, की ती पद्धत न्याय्यही असली पाहिजे असे म्हणायचे? डिसेंबर 1948 मध्ये पहिला, अपुरा पर्याय मान्य झाला आणि तेच आजचे कलम 21. पण डॉ. आंबेडकरांना त्यातली उणीव ठाऊक होती. पुढच्याच वर्षी त्यांनी अटकेची कारणे सांगणे, वकील देणे, 24 तासांत न्यायाधीशापुढे उभे करणे या हमी घटनेत आणल्या. ते आजचे कलम 22. आणि 1978 साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे. एक अर्धी राहिलेली गोष्ट पुरी व्हायला तीस वर्षे गेली. लोकशाही अशी हळूहळू भरून निघते.

आता मी एक अवघड गोष्ट बोलणार आहे. तुमच्यातल्या काहींना ती आवडणार नाही. या पाच गोष्टी आरोपीलाही मिळाल्या पाहिजेत. बलात्काराच्या आरोपीलासुद्धा.

2019 साली हैदराबादेत एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारले आणि 6 डिसेंबरला पोलिसांनी चारही आरोपींना गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, त्यांत बायका होत्या. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. आयोगाचा अहवाल 2022 साली बाहेर आला. पोलिसांनी सांगितलेली हकिगत विश्वासार्ह नाही, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूने झाडल्या, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या राज्यात ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघड झाले. आयांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष निघाला. मी तुम्हाला विचारते, त्या मुलींना काय मिळाले? त्यांच्यावर काय गुदरले ते कोर्टात सिद्ध होऊन निकालपत्रात लिहिले जाणे हा त्यांचा हक्क होता. आरोपीबरोबर त्याचा खटलाही संपला. तक्रार घ्यायला उशीर का झाला, आणखी कोणी डोळेझाक केली, हे विचारणाऱ्यांचा आवाज पेढ्यांच्या आनंदात बुडाला.

आणि बंदुकीचा न्याय उद्या कोणाच्या दारात येतो? आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण चोरी झाली की आजही पहिला संशय बेड्यावर जातो. नवऱ्याला उचलून नेले, कुठे ठेवले ठाऊक नाही, म्हणून ठाण्याबाहेर बसणारी पारधी बाई आपलीच बहीण आहे ना? तिला कलम 22 लागते. जी प्रक्रिया तिच्या नवऱ्याला हवी, ती आपल्याला नावडत्या आरोपीलाही द्यावी लागते. आपल्या माणसाला एक कायदा आणि परक्याला दुसरा, ही तर गावकीचीच रीत झाली.

"मग तडजोड कधीच करायची नाही का?" हा प्रश्न तुम्ही नेहमी विचारता. करायची. धुऱ्याची, पाण्याची, उसनवारीची तडजोड जरूर करा. तडजोड खरी की खोटी हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. जिचे नुकसान झाले ती स्वतः बोलली का? काय घडले ते करणाऱ्याने चारचौघांत कबूल केले का? आणि "नाही" म्हणून ती गावात सुखाने राहू शकली असती का? एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर ती तडजोड नव्हे, तो दाब आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर सत्य आणि सलोखा आयोग बसला. तिथे माफी होती, पण आपण काय केले ते पूर्णपणे, जाहीरपणे सांगणाऱ्यालाच ती मागता येत होती. त्या पद्धतीवरही पुष्कळ टीका झाली. सुरुवातीला बाया येत आणि नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल बोलत. स्वतःवर काय गुदरले ते सांगत नसत. महिलांनी आग्रह धरला म्हणून मग महिलांच्या वेगळ्या सुनावण्या झाल्या. आपल्याकडे उलटे आहे. आधी माफी, आणि सत्य कधीच नाही.

शेवटी कामाचे बोलते. केस टिकते ती कोर्टातल्या वकिलाइतकीच गावातल्या आपल्या कामामुळे.

पहिले काम तक्रारीचे. घटना कळताच बाईबरोबर ठाण्यात जा. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. एफआयआरची प्रत तिला फुकट मिळाली पाहिजे. नाही घेतली तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत तिला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नाही तर लेखी विचारा.

दुसरे काम कोर्टाचे. कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15अ आले. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडितेला मिळणे आणि तिचे म्हणणे ऐकले जाणे हा आता तिचा हक्क आहे. प्रवासखर्चही मिळतो. साक्षीदाराला धोका असेल तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली संरक्षणासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. खैरलांजीच्या मायलेकींच्या वेळी ही योजना नव्हती. आज आहे, तर ती कागदावर राहू देऊ नका.

तिसरे काम बहिष्काराचे. तक्रार झाली की गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानदार उधारी बंद करतो, सोयाबीन सोंगायला कोणी बोलावत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 साली विधिमंडळात मंजूर झाला आणि 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारीख, वार, कोण काय म्हणाले, हे रोजच्या रोज वहीत लिहून ठेवा. हीच वही उद्या पुरावा होते. आणि कायदा येईपर्यंत बचतगटातल्या बायांनी तिचे दळण आपल्या दळणात घालून आणा. असे करायला कायदा लागत नाही.

चौथे काम ग्रामसभेचे. पंचायतीत आता निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, पण पुष्कळ गावांत सह्या घरोघरी फिरवून ती कागदावर होते. ती खरी घ्या. भांडणानंतरच्या पहिल्या महिला सभेत दोन्ही वस्त्यांतल्या बाया एकत्र बसतील एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले. पाणी, रस्ता, शाळा यांवर एकत्र भांडायची सवय लागली की एकमेकींशी बोलायची सवय राहते. केस कोर्टात चालू असताना हे करायचे. केस सोडून देऊन नव्हे.

त्या सुनेची केस अजून चालू आहे. ती तारखेला जाते, सोबत वस्तीतल्या दोन बाया असतात. परवा तिला एकाने विचारले, "कायले गावाची बदनामी करते?" ती म्हणाली, "बदनामी ज्यानं केली त्याले विचारा."

गाव शांत आहे असे तुम्हाला कोणी सांगितले, की वस्तीत जा आणि बायकांना विचारा. त्या मोकळेपणाने बोलू लागल्या तर समजा, गाव शांत होऊ लागले आहे. त्या इकडेतिकडे पाहून गप्प बसल्या, तर समजा आपले काम बाकी आहे.